सुट्टे नाहीत

आमच्यात लिमलेटलाही चॉकलेटच म्हणायचे,
पेपरमिंटलाही, संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या गोळीलाही.
कागदात गुंडाळलेलं आणि गोड
ते सगळं चॉकलेट.
कुणी खोटा वायदा केला तरी
'चॉकलेट दिलंन्' म्हणत.

रास्ता पेठेत, के.ई.एम.च्या मागच्या बोळात
दादांचं दुकान. काउंटरवर तीन बरण्या.
मधलीत तपकिरी, दोन्ही टोकं पिळलेली, आठ आण्याला एक.
ती कुणी विकत घेत नसे.
ती दिली जात,
वर पाटी होती :
'सुट्टे नाहीत. वाद घालू नये.'

घैसासबाईंनी वाद घातला नाही.
सेंट्रल बिल्डिंगीत लेखा विभागात होत्या,
घरी गोड खाणारं कुणी नव्हतं.
चॉकलेट उचलायच्या, पर्समध्ये टाकायच्या,
चेन ओढायच्या.

एका एप्रिलात, दुपारची झोप आटपून
दादांनी चारला फळी सरकवली
तर बाई उभ्या.
स्टीलचा डबा काउंटरवर पालथा केला.
"सत्तेचाळीस. साडेतेवीस रुपये झाले.
अठराची साखर द्या किलोभर.
साडेपाच परत. सुट्टे नसतील
तर यातली अकरा मी ठेवते."

दादांनी मोजली. दोनदा.
"यातली काही वितळलीयत."
"भिजलेली नोट घेता ना तुम्ही?"
दादांनी साखर बांधली.
दोरा नेहमीपेक्षा जोरात तोडला.

मी सातवीत होते. पुष्कळ वर्षांनी कुठेसं वाचलं,
समुद्रापल्याड त्या बिया म्हणजे नाणीच होती एके काळी.
एका बीला एक टोमॅटो,
दहा बियांना ससा.
राजाच्या कोठारात धान्यासारखी पोती,
आणि प्यायचे ते कडूच,
मिरची घालून, उंचावरून ओतून फेस आणून.
साखर मागाहून आली, जहाजातून,
कुणाच्या तरी पाठीवरचे वळ ओलांडून.
लबाडही होतेच :
बी पोकळ करायची, आत माती भरायची, बाजारात चालवायची.

दादांना वाचून दाखवलं.
"म्हणजे आपली कंपनी," म्हणाले.
आमच्या बरणीतल्या कागदावर, मुंगीएवढ्या अक्षरांत,
साखर होती, तेल होतं, रंग होता.
ती बी
कुठेच नव्हती.

आता काउंटरवर चौकोनी ठिपक्यांचा स्टिकर.
एकोणचाळीस रुपये पन्नास पैसे
पन्नास पैशांसकट येतात,
आणि एक बाई ते मशीनमधून मोठ्यानं सांगते.
मधल्या बरणीत कपड्यांचे चिमटे.

परवा कॅम्पातून येताना
ईस्ट स्ट्रीटवर घेतलं, खरं,
काळपट, ग्रॅमवर विकतात तसलं.
चार तुकडे. दादांपुढे ठेवले.
त्यांनी आधी तागडीत टाकले.
"किती पडले?"
सांगितलं.
चष्मा काढून पुसला, परत लावला.

"चावू नका," म्हटलं. "नुसतं ठेवा."
चावायचीच सवय. चाळीस वर्षं
चणे, खोबरं, सुपारी, माणसांची उधारी.
पण ठेवलं.
आधी काहीच नाही, थंड खडा.
मग कडा सुटल्या.
मग काताचा तुरटपणा, मग पातेल्याच्या बुडाला
किंचित लागलेल्या गुळाच्या पाकासारखं काही,
आणि त्याच्याही खाली, उशिरा,
आपणहून येणारी गोडी.
जीभ हलवली की जास्त,
नाही हलवली की
त्याहून जास्त.

हात गल्ल्यावर होता, तिथेच राहिला.
गिऱ्हाईक आलं, ब्रेड मागितला,
दादांनी बोटानं फडताळ दाखवलं.
बोलले नाहीत.

"कडू आहे," म्हणाले शेवटी.
मग, बऱ्याच वेळानं, 
"घैसासबाई असत्या तर सत्तेचाळीसचे याचे किती..."
आणि वाक्य तसंच राहिलं,
तोंडात
अजून होतं थोडं.